साप निघायचे दिवस

आमच्या कळसाडीत होळीच्या आसपास साप 'निघतात'. गहू-हरभरा कापणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवावे लागत नाही. सातपुड्याकडची थंडी ओसरली, की सकाळच्या उन्हाला बांधावर, दगडांच्या ढिगावर एखादे जनावर अंग शेकत पडलेले दिसते. पीक निघाल्यामुळे त्याचा आडोसाही गेलेला असतो. रात्री 'साप' म्हणायचे नाही, 'जनावर' म्हणायचे, हा घरोघरचा नेम.

पहिले दिसतात सरडे. विणीच्या दिवसांत नराचा गळा लाल होतो. तो रक्त पितो म्हणून आम्ही पोरं दगड मारायचो. खरे तर तो माद्यांना आणि दुसऱ्या नरांना आपली ओळख देत असतो. पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या राहत. लोक त्याला नाग-धामणीचे लगीन समजून अंगावरचे उपरणे टाकत. पण ते दोन्ही नर असतात, झुंज चाललेली असते. आमचे आबा मात्र काठी उचलणाऱ्याला अडवायचे, "धामण शे ती, उंदरं खास. मारू नको."

सरकारची रीत याच्या उलट होती. इंग्रजी अमलात साप मारणाऱ्याला बक्षीस मिळे. रत्नागिरी जिल्ह्यात १८६२ साली आठच दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारल्याची नोंद आहे. एवढे करूनही कोकणातली फुरशी संपली नाहीत. स्वतंत्र भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि घोरपडीसारख्या प्राण्याची शिकार गुन्हा ठरली.

पण माणसाच्या जिवाचे काय? मी लहान असताना गव्हाच्या कापणीत शेजारच्या काकूंना घोणस चावली. आधी भगताकडे नेले. झाडपाला, मंत्र, यातच दिवस गेला. हिरड्यांतून रक्त येऊ लागले, लघवी बंद झाली. गाडी मिळून दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला होता. मुंबईच्या हाफकिन संस्थेत तेव्हा घोड्यांच्या रक्तापासून सर्पविषावरचे इंजेक्शन बनत होते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर ते चालते. औषध होते, पण आमच्या शिवारापासून फार लांब होते. जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले ते २०१७ साली. त्या यादीतला 'दुर्लक्षित' हा शब्द आम्ही काकूंच्या तिरडीमागे चालताना शिकलो होतो.

आता पोरं फोन करून सर्पमित्राला बोलावतात. कापणीआधी काठी आपटत शेतातून फेरी मारतात, पायांत बूट घालतात. चावलाच तर अंग फार हलू न देता माणसाला थेट दवाखान्यात न्यायचे, चिरा द्यायचा नाही, आवळून बांधायचे नाही, हे बायकांनाही ठाऊक झाले आहे. साप दरवर्षी निघणारच. उंदीर आहेत, ऊन आहे, शेत त्यांचेही आहे.