'करण्यात येते' आणि हरवलेला कर्ता

परवा संध्याकाळी नात पॅसिव्ह व्हॉइसची वही घेऊन माझ्याकडे आली. नववीत आहे. 'रामा किल्ड रावणा' याचं 'रावणा वॉज किल्ड बाय रामा' करायचं, अशी वीस वाक्यं होती. तिनं ती पटापट केली, पण शेवटच्या चार-पाच वाक्यांत 'बाय'पासून पुढचं सगळं गाळलं. का गं, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आजोबा, 'बाय समबडी' असेल तर नाही लिहिलं तरी चालतं."

चालतं खरं. माझी अख्खी नोकरी याच सवलतीवर चालली!

इंदिरानगरातल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात त्याच दिवशी एक नोटीस लागली होती. 'टाकी साफ करण्यात येणार असल्याने उद्या पाणी सोडण्यात येणार नाही.' कोण साफ करणार, कोण सोडणार नाही, काही पत्ता नाही. आपल्याला त्यात काही खटकतही नाही, इतकी ही वाक्यं अंगवळणी पडलीत. पण ही आली कुठून? नातीच्या वहीमुळे दोन दिवस तेच डोक्यात घोळत होतं.

मराठीची मूळ चाल बघा. 'सीतेने आंबा खाल्ला', 'सीतेने चिंच खाल्ली'. हा आपला कर्मणी प्रयोग. क्रियापद कर्माच्या मागे जातं, पण सीता जागची हलत नाही. 'ने' लावून ती पहिल्या बाकावर बसलेली असते. इंग्रजी पॅसिव्हमध्ये मात्र कर्ता 'बाय'च्या शेपटीला बांधून वाक्याच्या शेवटी जातो, आणि शेपूट कापली की कर्ताही गेला.

या दुसऱ्या चालीचं मराठी रूप म्हणजे 'रावण रामाकडून मारला गेला'. शाळेतल्या मराठी व्याकरणात याला 'नवीन कर्मणी' म्हणतात. 'नवीन' का, तर ही रचना इंग्रजीच्या वळणावर आली म्हणून. एका शब्दात केवढा इतिहास!

तो इतिहास साधारण दोनशे वर्षांचा. 1831 साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. 6 जानेवारी 1832 ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, त्यात एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी असायचं. 1836 साली दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण छापून आलं, 1847 साली कँडीचा इंग्रजी-मराठी कोश. दोन भाषा अशा शेजारी शेजारी नांदायला लागल्या की एकीच्या सवयी दुसरीला लागतातच. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. वाक्याला वाक्य ठेवून भाषांतर करायचं म्हटलं की 'बाय'ला काहीतरी मराठी द्यावं लागतं. 'कडून' हा शब्द आपल्याकडे होताच, त्याला हे नवं काम मिळालं.

पण सगळं खापर इंग्रजीवर फोडायला नको. ज्ञानेश्वरी 1290 ची. त्या काळच्या मराठीत 'करिजे', 'बोलिजे', 'म्हणिजे' अशी स्वतःची कर्मणी रूपं होती. 'करिजे' म्हणजे 'केलं जातं'. व्याकरणात त्यांचं नाव पुराणकर्मणी. ही रूपं गेली, तरी दोन मागे राहिली आणि आपण ती रोज वापरतो. एक 'म्हणजे', मुळात 'म्हटलं जातं'. दुसरं 'पाहिजे', मुळात 'पाहिलं जातं'. 'मला चहा पाहिजे' म्हणताना आपण सातशे वर्षांपूर्वीचा कर्मणी प्रयोग करत असतो, हे कळल्यापासून मला सकाळचा चहा जास्तच गोड लागतो!

आता 'करण्यात येते'कडे येऊ. गुजरातीत 'करवामां आवे छे' अशी अगदी हीच बांधणी आहे आणि तिथे ती साधी, नेहमीची आहे. मराठीत मात्र तिला कचेरीचा वास येतो. घरात कुणी 'भाजी करण्यात आली आहे' म्हणालं तर सगळे हसतील. 1960 साली महाराष्ट्र राज्य झालं, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघालं आणि 1964 साली राजभाषा अधिनियम आला. कारभार मराठीत आला ही फार मोठी गोष्ट झाली. पण आमच्यासमोर नमुना होता तो जुन्या इंग्रजी फायलींचा. मी कारकून म्हणून लागलो तेव्हा जुन्या फायलीतला इंग्रजी मसुदा समोर ठेवायचा आणि त्याच साच्यात मराठी ओतायचं, असंच शिकलो. शब्द मराठी झाले, वाक्य इंग्रजीच राहिलं. 'कळविण्यात येते की', 'कार्यवाही करण्यात यावी', 'विचार करण्यात येईल'.

एक प्रसंग आजवर घरात कुणाला सांगितलेला नाही. एक म्हातारे शेतकरी माझंच पत्र घेऊन टेबलाशी आले. त्यात लिहिलं होतं, 'आपला अर्ज अमान्य करण्यात आला आहे.' त्यांनी विचारलं, "भाऊसाहेब, कुणी केला?"

मी म्हणालो, "वरून झालंय."

वरून काही झालं नव्हतं. अर्जाला एक उतारा जोडायचा राहिला होता. तो मागवून घ्या, असं दोन ओळींचं पत्र मला पाठवता आलं असतं. पण टेबलावर ढीग होता, आणि मी अमान्य करावा असा शेरा लिहून फाईल वर पाठवली. साहेबांनी सही केली. म्हणजे कर्ता मीच होतो. त्या गृहस्थांनी पत्राची नीट घडी घातली, खिशात ठेवलं आणि गेले. पुन्हा आले नाहीत. मला त्या वाक्यानं वाचवलं, त्यांना कुणी वाचवलं नाही.

2005 च्या माहिती अधिकार कायद्यानं यातलं थोडंफार बदललं. माहितीचा अर्ज नाकारला तर कारण द्यावं लागतं, अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचं ते कळवावं लागतं. माहिती अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा जाहीर करावा लागतो. व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर कायद्यानं वाक्याला 'ने' परत लावून दिला.

कर्ता माहीत नसेल किंवा महत्त्वाचा नसेल तिथे नवीन कर्मणी खुशाल वापरावा. 'हे देऊळ दोनदा बांधलं गेलं' यात कुणाचं काही बिघडत नाही. शिवाय अंग काढून घ्यायला मराठीला इंग्रजीची गरजही नाही. लहान मूल 'मी कप फोडला' म्हणत नाही, 'कप फुटला' म्हणतं! पण या दोन्हींच्या मधलं एक वाक्य आपल्याकडे आहे. 'माझ्या हातून कप फुटला.' मुद्दाम केलं नाही, पण हात माझाच होता. याचं इंग्रजी काय, असं मी नातीला विचारलं. तिनं बराच वेळ पेन चावलं आणि मग म्हणाली, "हे परीक्षेला येत नाही, आजोबा."

येत नाही खरं. पण त्या दिवशी टेबलाशी मला जे म्हणायला हवं होतं ते हेच वाक्य होतं. "बाबा, तुमचा अर्ज माझ्या हातून गेला. उतारा घेऊन या, पुन्हा करू." दोनच वाक्यं. तेव्हा सुचली नाहीत, आज लिहून ठेवतो.

असो. तुमच्या दारावर, जिन्यात, पत्रात असा हरवलेला कर्ता सापडला तर जरूर कळवा.