एक सनद, चार दप्तरें

राज्य तलवारीनें मिळतें असें आपण म्हणतों. पण तें चालतें कागदावर. पेशव्यांच्या अमदानींत एखाद्या देवस्थानाला, ब्राह्मणाला किंवा शिपायाला जमीन इनाम मिळाली, तर ती गोष्ट एका कागदावर लिहून भागत नसे. पुण्याच्या हुजूर दप्तरांत तिची नोंद होई. सनद इनामदाराच्या हातीं पडे. आणि त्याच मजकुराचीं निराळीं पत्रें गांवच्या मोकदमाला, महालाच्या देशमुख-देशपांड्यांना व सरकारी कमाविसदाराला लिहिलीं जात. मावळांतील उर्से हें गांव उदाहरणादाखल घ्या. अशा गांवच्या एखाद्या इनामी शेताचा हक्क गांव, महाल आणि हुजूर अशा तीन पायऱ्यांवर, चार-पांच ठिकाणीं लिहिलेला राही. श्रोतेहो, एकच गोष्ट अनेक ठिकाणीं लिहिली असतां त्या सर्व नोंदी परस्परांशीं जुळत्या कशा ठेवीत, आणि त्यांच्यामधला निरोप कोणत्या वाटेनें जाई, हें आज पाहावयाचें आहे.

इतक्या प्रती कशासाठीं? कारण सरळ आहे. कमाविसदार बदलत, पण देशमुख-देशपांडे वंशपरंपरेनें राहत. गांवचा कुलकर्णी आणि पुण्याचा कारकून यांच्यांत दोन दिवसांची वाट असे व क्वचित् स्वार्थाचेंही अंतर असे. एकानें नोंद फिरविली, तर दुसऱ्याच्या दप्तरावरून ती उघड व्हावी, ही त्यांतील खुबी. म्हणून अशा पत्रांच्या शेवटीं बहुधा एक ठराविक आज्ञा आढळते: या पत्राची तालीक, म्हणजे नक्कल, उतरून घ्यावी आणि अस्सल पत्र ज्याचें त्याला भोगवट्यासाठीं परत द्यावें, दरसाल नव्या सनदेची अपेक्षा करूं नये. अस्सल एकाच्या घरीं आणि तालीक इतरांच्या दप्तरीं, अशी ती वांटणी होती.

पण प्रती वाढल्या कीं निरोपाचें ओझें वाढतें. एका जागीं झालेला फेरबदल बाकीच्या जागीं पोंचला नाहीं, तर जितकीं दप्तरें तितकीं सत्यें होतात. यावर जुन्या कारकुनांनीं साधे पण पक्के उपाय योजले होते. हुजुरांतून निघणाऱ्या कागदावर ‘सुरू सूद’, ‘बार’ असे शेरे पडत. म्हणजे कागद तपासला गेला व दप्तरांत चढला. पोंचल्यावर घेणारा त्यावर पैवस्तीची, म्हणजे हातीं पडल्याची, तारीख टाकी. उत्तराच्या आरंभींच आपलें पत्र पावलें, मजकूर कळला, असें लिहिण्याचा प्रघात आपल्याला आज केवळ शिष्टाचार वाटतो. वस्तुतः ती पोंचपावती होती. ती आली नाहीं तर पहिलें पत्र वाटेंत राहिलें असें समजून दुसरें लिहावें लागे.

हे निरोप नेणारे जासूद व काशीद होत. ते पुष्कळदां जोडीनें जात. एक आजारी पडला अथवा मारला गेला, तर दुसऱ्यानें थैली पुढें न्यावी. सरकारी वाट बंद झाली कीं सावकारांचे काशीद उपयोगीं पडत. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर जो घात झाला, त्याची वार्ता माळव्यांत असलेल्या नानासाहेब पेशव्यांना सुमारें दहा दिवसांनीं कळली, ती सावकारी पत्रांतील सांकेतिक भाषेंतून. त्या दहा दिवसांत पेशव्यांच्या लेखीं भाऊसाहेब जिवंत होते.

प्रती अनेक असण्याचें मोल संकटांत कळतें. १७६३ सालीं निजामअलीनें पुणें जाळलें. सिंहगडाच्या पायथ्याच्या गांवीं आश्रयाला नेलेल्या चीजवस्तूंबरोबर पुष्कळ कागदपत्रही आगींत गेले. राजधानीच्या प्रती जळाल्या तरी गांवोगांवच्या आणि देशपांड्यांच्या दप्तरांतील तालिका त्या ज्वाळांपासून दूर होत्या.

याच व्यवस्थेची कठोर परीक्षा पुढें झाली. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत हुजूर दप्तराची आबाळ झाली. १८१८ सालीं तें इंग्रजांच्या हातीं आलें. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले, आणि घरोघरच्या सनदा पुण्याच्या दप्तराशीं ताडून पाहण्याचें काम जोरानें सुरू झालें. इनामदाराच्या पेटींत सनद आहे, पण सरकारी हिशेबांत तिचा मागमूस नाहीं. मग ती बनावट, कीं तिची नोंद कारकुनाच्या हयगयीनें राहिली, कीं कागदच नष्ट झाला? याचा निवाडा करणारें सरकारच जमीन परत घेणारें होतें. नोंदी जुळत नसल्या कीं त्याचें प्रायश्चित्त दप्तरदाराला नव्हे, शेत कसणाऱ्याला किंवा त्यावर पोट भरणाऱ्याला भोगावें लागतें. शिवाय खोट्या सनदाही असत, हें नाकारतां येत नाहीं. म्हणूनच एकमेकांना साक्ष देणाऱ्या अनेक प्रतींची गरज होती.

आज उर्शाजवळून मुंबई-पुण्याचा द्रुतगति मार्ग जातो, आणि जासुदाची दोन दिवसांची वाट दोन-तीन तासांवर आली आहे. खातीं व नोंदी आतां संगणकांत असतात, आणि एकाच माहितीच्या प्रती दूरदूरच्या शहरांतील यंत्रांत ठेविल्या जातात. त्यांना जोडणाऱ्यांपुढें प्रश्न मात्र जुनेच आहेत. दोन्ही टोकें जागीं असतील तेव्हांच समोरासमोर बोलावें, कीं निरोप थैलींत टाकून द्यावा आणि वाट मोकळी होईल तेव्हां तो पोंचूं द्यावा? पहिला मार्ग जलद, पण तार तुटली कीं थांबणारा; दुसरा सावकाश, पण पुरांतही तग धरणारा. निरोपाचा अनुक्रम चुकला तर काय? पोंच आली नाहीं तर किती वेळ थांबावें? दोन प्रती भांडल्या तर अस्सल कोणती?

पैवस्तीचा शेरा मारणाऱ्या त्या अनाम कारकुनाला या प्रश्नांचें महत्त्व पुरतें कळलें होतें. त्याच्या दोन अक्षरांवर कोणाचें तरी शेत उभें होतें. यंत्रें बदललीं, तरी नोंदीच्या पलीकडे एक माणूस आहे, ही जाणीव बदलूं नये.