मैदान आमचे, डाव कोणाचा?

दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्याच्या गावी एका क्रीडास्पर्धेचा बक्षीस समारंभ होता. कबड्डीच्या विजयी संघातली बहुतेक मुले आमच्या वस्त्यांमधली होती. हे प्रमुख पाहुण्यांच्या कानावर कोणीतरी घातले असावे. भाषणात ते म्हणाले, ‘या समाजातल्या मुलांच्या अंगात उपजतच ताकद असते. त्यांनी पुस्तकांच्या मागे लागण्यापेक्षा मैदान गाजवावे.’ टाळ्या पडल्या. आमच्या मुलांनीही टाळ्या वाजवल्या. मी प्राध्यापकांच्या रांगेत बसलो होतो. माझे वडील सालगडी होते. ‘गडी दांडगा आहे’ असे त्यांचेही कौतुक होत असे. पण ते साल ठरवताना, पोत्याला हात लावण्याआधी.

परत येताना संघाचा कर्णधार माझ्याबरोबर होता. द्वितीय वर्षाचा विद्यार्थी. त्याने सहज विचारले, ‘सर, खेळून झाल्यावर आपल्यातला कोणी कोच होतो का?’ मला तेथल्या तेथे उत्तर देता आले नाही. मी इतिहास शिकवतो. इतिहास शिकवणाऱ्याला उत्तर सुचले नाही, की तो दुसरीकडचे उदाहरण शोधतो. मला जे सापडले ते अमेरिकेतल्या एका फुटबॉल प्रशिक्षकाचे आयुष्य होते. त्याचे नाव एडी रॉबिन्सन.

अमेरिकेतला फुटबॉल आपल्या फुटबॉलपेक्षा वेगळा. लांबट चेंडू हातात घेऊन, अंगावर अंग घालून, इंच इंच भूमी जिंकण्याचा हा खेळ. प्रत्येक चाल आधी कागदावर आखलेली असते. चाल आखतो प्रशिक्षक. मैदानावर ती चालवतो क्वार्टरबॅक. बाकीच्यांनी धावायचे, अडवायचे, आदळायचे. म्हणजे या खेळात डोके आणि अंग यांची वाटणी उघड आहे. आणि जेथे अशी वाटणी असते तेथे समाजाची उतरंड येऊन बसल्याशिवाय राहत नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, कारण त्यांनी निग्रोंना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखवले होते. ती कृतज्ञता रास्तच होती. पण नंतर चारच वर्षांनी, १८७७ मध्ये, दक्षिणेतल्या राज्यांतून केंद्राच्या सैन्याचे पाठबळ काढून घेतले गेले आणि जुने मालक पुन्हा सत्तेवर बसले. १८९६ साली लुइझियाना राज्यातल्याच एका खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केले. वेगळे राहिले, समान कधीच झाले नाही. आगगाडीचा डबा वेगळा, पाण्याचा नळ वेगळा, शाळा वेगळी, स्मशानभूमी वेगळी.

अशा लुइझियानात, जॅक्सन नावाच्या गावी, १३ फेब्रुवारी १९१९ रोजी रॉबिन्सनचा जन्म झाला. बाप बटईने शेती करणारा. आई लोकांच्या घरी काम करणारी. पुढे कुटुंब बॅटन रूज शहरात आले. त्याच शहरात राज्याचे मोठे विद्यापीठ होते, त्याचे भव्य मैदान होते. पण काळ्या मुलाला तेथे शिकण्याची मुभा नव्हती. रॉबिन्सन काळ्यांच्या लेलँड कॉलेजात शिकला, तेथे क्वार्टरबॅक म्हणून खेळला, पदवीधर झाला. प्रशिक्षक व्हायचे हे त्याने लहानपणीच ठरवले होते. पदवी हातात आली तेव्हा मात्र जनावरांच्या खाद्याच्या गिरणीत तासाला २५ सेंट मजुरीवर काम करावे लागले. पहिल्या पिढीचा पदवीधर आणि त्याला मिळणारे पहिले काम, यांच्यातले हे अंतर आपल्या वाचकांना अनोळखी नसावे.

१९४१ साली ग्रँबलिंग या खेड्यातल्या संस्थेत प्रशिक्षकाची जागा असल्याचे त्याला कळले. ही संस्था कोणा दानशूर गोऱ्याच्या कृपेने उभी राहिलेली नव्हती. उत्तर लुइझियानातल्या काळ्या शेतकऱ्यांनी आपल्या मुलांसाठी शाळा हवी म्हणून खटपट केली. त्यांच्या विनंतीवरून बुकर टी. वॉशिंग्टन यांनी चार्ल्स अ‍ॅडम्स या आपल्या माणसाला धाडले आणि १९०१ साली शाळा सुरू झाली. तिचे १९४१ मधले नाव होते लुइझियाना निग्रो नॉर्मल अँड इंडस्ट्रियल इन्स्टिट्यूट. २२ वर्षांच्या रॉबिन्सनला पगार ठरला महिना ६३ डॉलर ९५ सेंट. संघाला शिकवायचे, मैदानाचे गवत कापायचे, चुन्याच्या रेघा मारायच्या, सामन्याची बातमी लिहून वर्तमानपत्राकडे धाडायची, हे सगळे एकाच माणसाने करायचे. दौऱ्यावर निघताना घरूनच सँडविच बांधून घ्यावी लागत, कारण वाटेतल्या खाणावळींत काळ्यांना जेवू देत नसत.

पहिल्या वर्षी तीन सामने जिंकले, पाच हरले. दुसऱ्या वर्षी नऊपैकी नऊ जिंकले आणि संपूर्ण हंगामात प्रतिस्पर्ध्यांना एकही गुण मिळू दिला नाही. मग महायुद्धामुळे दोन वर्षे खेळ बंद पडला. त्या काळात तो गावातल्या हायस्कूलच्या मुलांना शिकवत होता. तेव्हाची एक हकिगत सांगतात. कापसाच्या वेचणीसाठी एका शेतकऱ्याने आपली मुले संघातून काढून नेली. रॉबिन्सन चिडला नाही. सगळा संघ घेऊन तो त्या शेतात गेला, कापूस वेचून दिला आणि मुलांना परत आणले. विद्यार्थी गैरहजर का राहतो हे हजेरीपटात दिसत नाही. सोयाबीनच्या दिवसांत माझाही अर्धा वर्ग रिकामा असतो आणि मी आजवर फक्त गैरहजेरी मांडत आलो, हे येथे कबूल केले पाहिजे.

सकाळी वसतिगृहात घंटा वाजवत फिरून तो खेळाडूंना वर्गासाठी उठवी. तो स्वतःही शिकत राहिला; १९५४ साली त्याने उत्तरेकडच्या आयोवा विद्यापीठातून एम. ए. केले. त्याच्या हाताखालून दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेले. १९३४ ते १९४५ या काळात या व्यावसायिक संघटनेत एकही काळा खेळाडू नव्हता. १९४९ साली ग्रँबलिंगचा टँक यंगर लॉस एंजेलिस रॅम्समध्ये दाखल झाला. काळ्यांच्या कॉलेजातून तेथे पोचलेला तो पहिला. १९६३ साली बक ब्युकॅनन हा दुसऱ्या व्यावसायिक संघटनेच्या निवडीत सर्वांत आधी घेतला गेला.

तरीही डोक्याची जागा बंदच होती. कॉलेजात क्वार्टरबॅक असलेल्या काळ्या मुलाला व्यावसायिक संघात गेल्यावर धावण्याच्या किंवा अडवण्याच्या जागेवर पाठवीत. कारण विचारले तर सांगत, हे लोक अंगाने चपळ आहेत, पण निर्णय घेण्याचे काम त्यांचे नाही. आमच्या प्रमुख पाहुण्यांचे भाषण दुसरे काय होते? रॉबिन्सनने ही भिंत हेरली आणि जाणूनबुजून क्वार्टरबॅक घडवला. त्याचा शिष्य जेम्स हॅरिस १९६९ साली बफेलोच्या संघातून हंगामाच्या पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरला. असा मान मिळालेला तो पहिला काळा खेळाडू. दुसरा शिष्य डग विल्यम्स. ३१ जानेवारी १९८८ रोजी सुपर बोलच्या अंतिम सामन्यात त्याच्या नेतृत्वाखाली वॉशिंग्टनने डेन्व्हरला ४२-१० असे हरवले आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. डोक्याच्या प्रश्नाला वीस वर्षांच्या मेहनतीने दिलेले हे उत्तर होते.

आता रॉबिन्सनच्या स्वतःच्या वाटचालीकडे पाहू. ५ ऑक्टोबर १९८५ रोजी त्याने ३२४ वा विजय मिळवला आणि बेअर ब्रायंटचा ३२३ विजयांचा विक्रम मोडला. ब्रायंटही आर्कान्सासमधल्या गरीब शेतकरी घरातलाच. त्याचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. पण दोघांची वाट शेजारी ठेवून पाहा. ब्रायंट १९४५ साली मेरीलँडला मुख्य प्रशिक्षक झाला, मग केंटकी, मग टेक्सास ए अँड एम, आणि १९५८ पासून अलाबामा. चार विद्यापीठे, म्हणजे शिडीच्या चार पायऱ्या. रॉबिन्सन १९४१ साली ग्रँबलिंगला आला आणि १९९७ साली ग्रँबलिंगहूनच निवृत्त झाला. ५५ हंगाम, ४०८ विजय, १६५ पराभव, १५ बरोबरी. याला निष्ठा म्हणतात, आणि ती निष्ठा होतीच. पण ज्याच्यासमोर दुसरी पायरीच ठेवलेली नव्हती त्याच्या निष्ठेचेच तेवढे गोडवे गाणे, ही व्यवस्थेची सोय आहे. त्याचे विजय लहान कॉलेजांविरुद्धचे, असे नाक मुरडून म्हणणारेही निघाले. लुइझियानाने १९५६ साली कायदाच केला होता, की गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळायचे नाही. तो कायदा न्यायालयात टिकला नाही, पण मोठ्या संघांशी न खेळल्याचा दोष मात्र रॉबिन्सनच्या माथी मारला गेला.

पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. १९७० साली बर्मिंगहॅममध्ये काळे खेळाडू असलेल्या सदर्न कॅलिफोर्नियाच्या संघाने अलाबामाला ४२-२१ असे हरवले. काळ्या खेळाडूंना घेण्याची सुरुवात अलाबामाने त्याच सुमारास केली होती. त्यानंतर दक्षिणेत दारे भराभर उघडली. कोणासाठी? खेळाडूंसाठी. ग्रँबलिंगकडे आले असते असे तरुण आता मोठ्या विद्यापीठांकडे जाऊ लागले. त्यात त्यांचे काहीच चुकले नाही. पण प्रशिक्षकाची खुर्ची हलली नाही. अलाबामाकडून १९७४ साली देशातल्या उत्तम खेळाडूंत गणला गेलेला सिल्व्हेस्टर क्रूम २००३ साली त्याच विद्यापीठात प्रशिक्षकपदाच्या शर्यतीत होता. त्याला डावलले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात मिसिसिपी स्टेटने त्याला नेमले, तेव्हा १९३२ साली स्थापन झालेल्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सला पहिला काळा मुख्य प्रशिक्षक मिळाला. १९५४ च्या निकालानंतर शाळा एक झाल्या तेव्हाही हेच घडले होते. काळ्यांच्या शाळा बंद झाल्या आणि हजारो काळे शिक्षक, मुख्याध्यापक, प्रशिक्षक घरी बसले. मुले आत गेली. शिकवणारे बाहेर राहिले. समतेचा हिशेब केवळ प्रवेशाच्या आकड्यांवर मांडला, की तो असा फसतो.

म्हणून रॉबिन्सनची मूर्ती करून पूजावी असेही मला वाटत नाही. १९६७ साली ग्रँबलिंगच्याच विद्यार्थ्यांनी आंदोलन केले. फुटबॉलचे एवढे स्तोम आणि अभ्यासाकडे दुर्लक्ष का, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्यापैकी काहींना संस्थेतून काढून टाकण्यात आले. रॉबिन्सन स्वतः बंडखोर भाषा बोलणारा नव्हता. आपल्या देशावर त्याची अढळ श्रद्धा होती. त्या विद्यार्थ्यांचा प्रश्न मला खरा वाटतो. आपण चालवलेल्या संस्थेने आपल्या मुलांना काय दिले, हे विचारण्याचा पहिला हक्क त्या मुलांचाच. आणि जुन्या माणसाची उपयुक्तता सरली, की आपलेही लोक किती लवकर तोंड फिरवतात, हेही तेथे दिसले. संघ हरू लागल्यावर १९९६ च्या अखेरीस रॉबिन्सनला काढण्याच्या हालचाली झाल्या; ओरड झाल्यावर आणखी एक हंगाम देण्यात आला. १९९८ साली त्याच्या जागी आला डग विल्यम्स. ३ एप्रिल २००७ रोजी रॉबिन्सन वारला. त्याआधी दोनच महिने सुपर बोलमध्ये प्रथमच दोन्ही संघांचे मुख्य प्रशिक्षक काळे होते.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. चर्मकार समाजातल्या पाळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. मैदानात चेंडू सर्वांचा एक. चहाच्या वेळी मात्र बाळूंचे भांडे वेगळे. हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना दिले गेले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आले. बाळूंची गोलंदाजी हवी होती. त्यांचा हुकूम नको होता.

त्या विद्यार्थ्याला मी आता उत्तर दिले आहे. कोच होता येते. पण त्यासाठी पदवी पुरी करावी लागेल, प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम करावा लागेल आणि निवड समितीत कोण बसते याचा हिशेब सगळ्यांनी मिळून मागावा लागेल. पहिली दोन कामे त्याची आहेत. तिसरे त्याच्या एकट्याचे नाही. आपल्या जिल्ह्यातल्या क्रीडा संघटनांत, महाविद्यालयांच्या नियामक मंडळांत, निवड समित्यांत आपले किती लोक आहेत, याची यादी कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी करावी. मी माझ्या तालुक्याची करायला घेतली आहे. अजून तरी कागद जवळजवळ कोराच आहे.