वीस पौंडांची युरोपयात्रा

उन्हाळ्याची सुटी जवळ आली म्हणजे, ज्या घरांत महाविद्यालयांत जाणारीं मुलें आहेत त्या घरांत एक देखावा हमखास दृष्टीस पडतो. दिवाणखान्यांत चारपांच तरुण डोकीं एकत्र आलेलीं असतात. मध्यें नकाशा पसरलेला असतो. मग तो कागदाचा असो कीं हातांतल्या यंत्राच्या कांचेवरचा असो. पॅरिसहून कोठें, तेथून पुढें कोठें, किती दिवस, किती खर्च, अशी गणितें मांडलीं जात असतात. पाठीवर एक पिशवी टाकावी आणि चार मित्रांनीं मिळून पांच देश पाहून यावें, असा बेत शिजत असतो. आंतल्या खोलींत मात्र वडील मंडळींचे चेहरे कांहींसे गंभीर झालेले असतात. पैसे पुरतील काय? सोबतीला कोण? आणि सर्वांत जड प्रश्न शेवटीं येतो: पुढें परीक्षा आहे, तिचें काय?

श्रोतेहो, हे तिन्ही प्रश्न जुने आहेत. सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं, इ. स. १७९० च्या उन्हाळ्यांत, केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांतील दोन विद्यार्थ्यांपुढें नेमके हेच प्रश्न उभे होते. एकाचें नांव रॉबर्ट जोन्स. तो उत्तर वेल्समधला, स्वभावानें शांत आणि आनंदी. दुसऱ्याचें नांव आपल्यापैकीं बहुतेकांनीं इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकांत वाचलेलें आहे. तो विल्यम वर्डस्वर्थ. त्या वेळीं तो अवघा वीस वर्षांचा होता, आणि कवि म्हणून त्याला जगांत कोणीहि ओळखत नव्हतें.

त्या काळीं इंग्लंडांतील तरुण युरोप पाहावयास जात नसत असें नाहीं. परंतु जाणारे बहुधा सरदार-जमीनदारांचे पुत्र असत. स्वतःची गाडी, नोकर, हुंड्या, ओळखपत्रें आणि देखरेखीला एक विद्वान शिक्षक, असा त्यांचा सरंजाम असे, आणि प्रवास दोन दोन, तीन तीन वर्षें चाले. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ हा १७६४ मध्यें बक्ल्यू येथील तरुण ड्यूकचा असाच शिक्षक होऊन फ्रान्सांत गेला होता, आणि त्या कामगिरीबद्दल त्याला वर्षाला तीनशें पौंड तहहयात मिळावयाचे होते. इतका खर्च एकट्या शिक्षकाचा! आमच्या ह्या दोन विद्यार्थ्यांपाशीं प्रत्येकीं सुमारें वीस पौंड होते. तेवढ्यांत फ्रान्स, स्वित्झर्लंड, इटली आणि ऱ्हाईन नदीकांठचा जर्मन मुलूख पाहून परत यावयाचें होतें.

वर्डस्वर्थच्या बाबतींत हे वीस पौंड म्हणजे थोडी रक्कम नव्हती. त्याची आई १७७८ मध्यें वारली, वडील १७८३ मध्यें गेले. वडील ज्या बड्या जमीनदाराचे कारभारी होते त्याच्याकडे कुटुंबाचें कित्येक हजार पौंड येणें होतें. परंतु तो जमीनदार १८०२ मध्यें मरेपर्यंत त्यांतील पैसाहि मुलांच्या हातीं लागला नाहीं. पांच पोरकीं भावंडें नातलगांच्या आश्रयानें वाढत होतीं. विल्यम कॉलेजांत शिकत होता तोहि कमी फी भरणारा विद्यार्थी म्हणून. त्यानें परीक्षेंत उत्तम यश मिळवावें, कॉलेजची फेलोशिप पटकवावी आणि सन्मानानें मार्गाला लागावें, अशी काका-मामांची साहजिकच इच्छा होती. पुढच्या जानेवारींत परीक्षा होती. मानाची पदवी मिळवूं इच्छिणारा विद्यार्थी ही शेवटची मोठी सुटी पुस्तकांत डोकें खुपसून घालवी. अशा सुटींत हा मुलगा आल्प्स पर्वत चढावयास निघाला!

हा बेत ज्यांच्या कानांवर गेला त्या स्नेह्यांपैकीं अनेकांनीं तो वेडेपणाचा ठरविला. विल्यमची धाकटी बहीण डॉरोथी हिच्यावर त्याचा अपरंपार जीव होता. परंतु तिलाहि त्यानें आधीं कांहीं कळविलें नाहीं. नंतर तिनें आपल्या मैत्रिणीला प्रांजळपणें लिहिलें कीं, त्यानें मला अगोदर विचारलें असतें तर मीहि इतरांप्रमाणेंच हा बेत वेडगळ आणि अशक्य म्हणून सोडून दिला असता. वडीलधाऱ्यांना किती वाईट वाटेल ह्याची जाणीव विल्यमला नव्हती असें समजूं नये. ती रुखरुख मनांत होतीच, हें त्यानें पुढें आपल्या आत्मचरित्रपर काव्यांत कबूल केलें आहे.

आतां त्यांची तयारी पाहा. दोघांनीं प्रवासासाठीं मुद्दाम हलके कोट शिवून घेतले, तेहि एकाच कापडाचे. सामान म्हणजे प्रत्येकाचें एक लहानसें गाठोडें, आणि हातांत ओक लांकडाची एक काठी. हें गाठोडें ते चक्क डोक्यावर घेऊन चालत. पंढरीच्या वाटेवर डोक्यावर गाठोडें घेतलेला माणूस पाहून आपल्याकडे कोणी वळूनहि पाहणार नाहीं. परंतु फ्रान्सच्या खेड्यांतून हे दोन एकरंगी कोट आणि दोन गाठोडीं जाऊं लागलीं म्हणजे सारा गांव हंसे, असें विल्यमनेंच बहिणीला कळविलें आहे. गमतीची गोष्ट अशी कीं, तीन वर्षांनीं, १७९३ मध्यें, ह्या प्रवासावरील आपलें काव्य त्यानें जोन्सला अर्पण केलें, तेव्हां अर्पणपत्रिकेंत तें ओझें डोक्यावरून खांद्यावर उतरलें आहे! त्या अर्पणपत्रिकेंतील मुद्दा मात्र मार्मिक आहे. गाडींत शेजारीं बसून जाणारे दोन प्रवासी आणि आपापलें ओझें वाहत रस्त्यानें बरोबरीनें पाय ओढणारे दोन प्रवासी ह्यांत फार अंतर आहे. दुसऱ्या जोडीचीं मनें अधिक जुळतात, असें तो म्हणतो.

१३ जुलै १७९० रोजीं ते कॅले बंदरावर उतरले. दुसरा दिवस १४ जुलै. बास्तील पडल्याला एक वर्ष पूर्ण होत होतें, आणि पॅरिसमध्यें राष्ट्रैक्याचा महोत्सव व्हावयाचा होता. इतिहासाचा एवढा मोठा प्रसंग समोर असतां हे दोघे पॅरिसला गेले नाहींत. त्यांचा रोख आल्प्सकडे होता, आणि वीस पौंडांत राजधानीचे चोचले बसत नव्हते. तरीहि इतिहास त्यांना वाटेंत गांठल्यावांचून राहिला नाहीं. गांवोगांव फुलांच्या कमानी उभ्या होत्या. पुढें शालों येथून लियोंकडे ते नदीनें होडींतून निघाले, तों त्यांना पॅरिसच्या महोत्सवाहून घरीं परतणारे प्रतिनिधि भेटले. हे इंग्रज, म्हणजे स्वातंत्र्याच्या वाटेवर आपल्या आधीं चाललेले लोक, म्हणून त्या मंडळींनीं ह्या दोन विद्यार्थ्यांना पंक्तीला घेतलें. जेवण झालें, नाच झाला. ऑगस्टच्या आरंभीं ते ग्रांद शार्त्रूझ येथील डोंगरांतल्या प्राचीन मठांत दोन दिवस राहिले. दोनच वर्षांनीं, १७९२ मध्यें, तेथील संन्याशांना क्रांतीनें मठाबाहेर काढलें. दोन वर्षांचा उशीर झाला असता तर तें शांत मठजीवन ह्या मित्रांना पाहावयास मिळालें नसतें.

त्यांची चाल विलक्षण होती. पहाटे उठावें, न्याहरीपूर्वीं बारा ते पंधरा मैल तोडावे, आणि मग वाटेवरच्या घरांत जें मिळेल तें पोटभर खावें, असा क्रम जोन्सनें तीस वर्षांनंतर मोठ्या प्रेमानें आठवून लिहिला आहे. डोंगराळ मुलखांतहि कित्येक दिवशीं त्यांनीं तेरा लीग, म्हणजे जवळजवळ चाळीस मैल, मजल मारली.

परंतु ह्या प्रवासांतील जे प्रसंग पुढें वाङ्मयांत अमर झाले, ते कोणत्याहि आंखणींत नव्हते. १७ ऑगस्टच्या सुमारास ते सिंप्लॉनच्या खिंडींतून आल्प्स ओलांडत होते. खेंचरवाल्यांच्या एका तांड्याबरोबर ते एका पथिकाश्रमांत जेवले. तांडा आधीं निघाला. हे दोघे मागें रेंगाळले. पुढें वाट एका ओढ्यापाशीं येऊन थांबली, आणि पलीकडे एक पाऊलवाट डोंगरावर चढतांना दिसली. आल्प्स ओलांडावयाचा म्हणजे वर चढलेंच पाहिजे, अशा समजुतीनें ते उत्साहानें चढूं लागले. बराच वेळ चढल्यावर एक शेतकरी भेटला. तो म्हणाला, तुम्ही वाट चुकलां. मागें फिरा, आणि ओढ्याच्या कडेनें खालीं उतरा. त्यांना खरें वाटेना. पुन्हां पुन्हां विचारलें. प्रत्येक उत्तराचा अर्थ एकच निघाला: तुम्ही आल्प्स केव्हांच ओलांडला आहे! ज्या क्षणासाठीं घरच्यांचा रोष पत्करला, तो क्षण त्यांच्या नकळत मागें पडून गेला होता. दोघेहि खिन्न होऊन उतरूं लागले. पुढें गोंडोच्या अरुंद, भयाण दरींतून जातांना कोसळते धबधबे, काळे कडे आणि धुकें ह्यांचें जें दर्शन घडलें, त्याचें वर्णन हा इंग्रजी काव्याचा एक मोठा ठेवा होऊन बसला आहे. शिखराची आशा विफल झाली होती. पदरांत पडली ती दरी.

दुसरा प्रसंग कोमो सरोवराच्या कांठचा. ग्राव्हेदोना गांवांतील घड्याळाची टोले देण्याची रीत इंग्लंडांतील रीतीहून वेगळी होती. रात्रीं टोले ऐकून दोघांना वाटलें, पहाट झाली. चंद्रप्रकाशांत ते निघाले आणि रानांत वाट चुकले. मग कीटकांचे दंश सोशीत आणि अनोळखी आवाज ऐकत, एका खडकावर बसून त्यांनीं उरलेली रात्र काढली. अशा वेळीं चिडणारा सोबती असता तर मैत्रीच तेथें संपली असती. जोन्स तसा नव्हता. प्रवासाच्या बेतांत नकाशापेक्षां सोबत्याची निवड अधिक महत्त्वाची, हें ह्या मित्रांच्या उदाहरणावरून दिसतें. ही मैत्री १८३५ मध्यें जोन्सच्या मृत्यूपर्यंत टिकली.

परतीला त्यांनीं बाझल येथें एक होडी विकत घेतली, ऱ्हाईनच्या प्रवाहानें ते कोलोनपर्यंत आले, आणि पुढें बेल्जमच्या मुलखांतून, ऑस्ट्रियाविरुद्ध बंड करून उठलेल्या ब्रबांतच्या फौजा पाहत, ऑक्टोबरांत स्वदेशीं पोंचले. जानेवारी १७९१ मध्यें वर्डस्वर्थला पदवी मिळाली. पण साधी, मानाची नव्हे. फेलोशिप गेली ती गेलीच. वडीलधाऱ्यांची भीति खरी ठरली, हें इतिहासानें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पुढचीं कांहीं वर्षें त्याला ना धड उद्योग होता, ना धड उत्पन्न. ह्या उन्हाळ्याची किंमत वीस पौंडांहून पुष्कळ अधिक पडली.

आज ही वाट पुष्कळ सोपी झाली आहे. रिचर्ड शिरमान ह्या जर्मन शिक्षकाला १९०९ मध्यें विद्यार्थ्यांबरोबर पायीं फिरतांना वादळानें गांठलें आणि एका शाळेंत रात्र काढावी लागली. त्या रात्रीं तरुण प्रवाशांसाठीं स्वस्त वसतिगृहें काढण्याची कल्पना त्याला सुचली, आणि १९१२ मध्यें आल्टेनाच्या किल्ल्यांत तसें वसतिगृह उभें राहिलें. १९७२ मध्यें एकवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना एका तिकिटावर महिनाभर एकवीस देशांच्या आगगाड्यांतून फिरण्याची सोय झाली. आपल्या मुलांना अजून व्हिसा, विमा आणि बँकेचे दाखले जमवावे लागतात, एवढें खरें; पण सरदारपुत्रांची मिरास आतां उरलेली नाहीं.

मग त्या वीस पौंडांतून मिळालें काय? स्वित्झर्लंडांतून डॉरोथीला लिहिलेल्या लांबलचक पत्रांत विल्यम सांगतो कीं, सुंदर देखावा दिसला कीं तूं क्षणभर येथें असावीस असें वाटतें. आणि हीं चित्रें मनांत अशीं ठसलीं आहेत कीं, त्यांपासून कांहीं सुख मिळालें नाहीं असा दिवस आयुष्यांत क्वचितच उगवेल.

हें तरुणपणचें भाबडें बोलणें म्हणून सोडून देतां आलें असतें. परंतु तीस वर्षांनीं, १८२० मध्यें, पन्नाशीचा वर्डस्वर्थ पत्नी मेरी आणि बहीण डॉरोथी ह्यांना घेऊन पुन्हां सिंप्लॉनला गेला. एव्हांना नेपोलियननें त्या घाटांतून प्रशस्त गाडीरस्ता बांधला होता. त्या रस्त्याजवळ एक जुनी पाऊलवाट डोंगरावर चढतांना दिसली आणि त्याचे पाय थबकले. दोघा मित्रांना भुलविणारी वाट ती हीच! कॉलेजच्या सुटींतला जो बेत त्यानें बहिणीपासून लपविला होता, त्यांतील चुकलेली वाट आतां तीच बहीण त्याच्या शेजारीं उभी राहून पाहत होती.