साखरेच्या बेटावरची शुगर

मधुमेह हा शब्द आपण लिहिताना वापरतो. बोलताना आपली ‘शुगर’च असते. ‘त्यांना शुगर आहे’, ‘आमच्या घराण्यातच शुगर आहे’. हे दुसरं वाक्य परदेशातल्या कुठल्याही मराठी मंडळाच्या जेवणात, श्रीखंडाची दुसरी वाटी उचलता उचलता, तुम्ही ऐकलं असेल. कदाचित म्हटलंही असेल. मोठं सोयीचं वाक्य आहे. रक्तातच असेल तर वाटी खाली ठेवून तरी काय उपयोग?

हे वाक्य तपासून बघायचं असेल तर मॉरिशसच्या इतिहासाकडे वळावं. साखरेवरच उभा राहिलेला हा देश आहे, आणि त्याच्या बांधणीत आपल्या रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या माणसांचाही हात आहे.

ऊस बेटावर आणला डचांनी, 1639 मध्ये, जावाहून. फ्रेंच गव्हर्नर माहे द लाबूर्दोने यानं अठराव्या शतकात साखरेचे कारखाने उभे करायला उत्तेजन दिलं. 1810 मध्ये बेट इंग्रजांकडे गेलं. 1825 मध्ये मॉरिशसच्या साखरेवरची ब्रिटनमधली जकात वेस्ट इंडिजच्या साखरेइतकीच झाली, आणि मग डोंगरउतारापर्यंत ऊसच ऊस. 1835 मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा मळेवाल्यांना नवे हात हवे होते. त्याआधीच, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, ‘ॲटलस’ जहाजातून कलकत्त्याहून 36 करारबद्ध मजूर पोर्ट लुईला उतरले होते. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोक थोडे, पण आजही ओळख टिकवून असलेले. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, ती त्यांच्यामुळेच.

या मजुरांच्या करारात पगार होता महिना पाच रुपये आणि सोबत शिधा: तांदूळ, डाळ, मीठ, तेल किंवा तूप. एक दिवस कामावर आला नाहीत तर दोन दिवसांचा पगार कापायची पद्धत होती, तिला ‘डबल कट’ म्हणत. मला या सगळ्यात तो शिधा जास्त बोलका वाटतो. कोकणातल्या गरिबाच्या ताटात त्या काळी रोजची नाचणी-वरई. भात सणावारी किंवा बऱ्या घरात. देशावर ज्वारी-बाजरी. या माणसाला समुद्र ओलांडल्यावर रोज तांदूळ मिळू लागला, आणि तोही मोजून. भरड धान्य सुटलं ते असं, आवडीनिवडीनं नव्हे, कागदावरच्या अटीनं.

पण म्हणून या मजुरांना शुगर झाली का? तसं काही नव्हतं. पहाटेपासून उसात राबणाऱ्याच्या अंगात साखर साठायला जागाच कुठे होती! त्यांना मारलं ते मलेरियानं (1866 ते 1868 ची साथ फार भयंकर होती), रक्तक्षयानं आणि उपासमारीनं. दुसऱ्या महायुद्धात 1942 मध्ये ब्रह्मदेश जपान्यांकडे गेला, तिथून येणारा तांदूळ थांबला, आणि बेटानं मका नि कसावाचे कंद खाऊन दिवस काढले. सुजलाम जमिनीवर ऊस उभा आणि खायला धान्य बाहेरून, ही त्या अर्थव्यवस्थेची मूळ गंमत. अशी टंचाई भोगलेल्या पिढीला पांढरा भात आणि पांढरा पाव म्हणजे चांगले दिवस वाटले, यात नवल नाही.

चांगले दिवस आलेही. मलेरिया हटला, 1968 मध्ये स्वातंत्र्य मिळालं, 1970 नंतर निर्यातीसाठी कापडाचे कारखाने निघाले, बायका शेतातून शिलाई यंत्रावर बसल्या. शेतातला घाम कमी झाला, बस आली, दूरदर्शन आलं. शिध्याचं तांदूळ आणि पीठ सरकारी महामंडळामार्फत बाहेरून येतं आणि सवलतीत विकलं जातं. हे पीठ म्हणजे आपला मैदा. त्याचा पाव, त्याचाच ‘फराता’ (आपला पराठा), त्याचीच दालपुरी. पावात मिरचीचा डाळवडा, ‘गातो पिमाँ’, घालून सकाळची न्याहारी होते. वडापाववाल्यांनी नाक मुरडायचं कारण नाही! गव्हाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला की उरतं ते बहुतेक पिष्ट. ते झटपट पचतं, रक्तातली साखर झटपट चढते. जोडीला गोड चहा, बाटलीतलं पेय. 330 मिलिलिटरच्या कोलाच्या डब्यात साधारण 35 ग्रॅम साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे.

मग आलं 1987 साल. ऑस्ट्रेलियाचे पॉल झिमेट आणि त्यांचे सहकारी, मॉरिशस सरकार व जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून 25 ते 74 वयाच्या सुमारे पाच हजार लोकांची ग्लुकोज पाजून तपासणी केली. भारतीय वंशाच्या लोकांत मधुमेह भरपूर सापडणार, हे अपेक्षितच होतं; हिंदू असोत वा मुसलमान, प्रमाण 12-13 टक्क्यांच्या घरात निघालं. खरा धक्का पुढे होता. आफ्रिकी-मिश्र वंशाचे क्रिओल आणि चिनी लोक, यांच्यातही ते 10 ते 12 टक्क्यांच्या आसपासच होतं. वेगवेगळ्या मुळांची रक्तं, आजार जवळपास सारखा. समान होतं ते बेट, बाजार आणि ताट.

वंशाचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. तेवढ्याच वजनाच्या युरोपीय माणसापेक्षा आपल्या पोटावर चरबी जास्त असते आणि मधुमेह लवकर गाठतो, हे खरं आहे. पण ‘घराण्यात’ आहे म्हणताना घराण्यातून रक्ताइतकाच डबाही येतो, हे आपण सोडून देतो.

मिठाची गोष्ट निराळी. ब्लॅक रिव्हर भागात तामारँजवळ मिठागरं होती. समुद्राचं पाणी दगडी वाफ्यांत वाळवून मीठ काढत. खारवलेला मासा गरिबाचं कालवण. खारं लोणचं तर आपण सगळ्यांनीच सोबत नेलं. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाब आणि शुगर एकत्र आले की मूत्रपिंडं फार दिवस दम धरत नाहीत.

1987 च्या तपासणीनंतर सरकारनं एक सरळ गोष्ट केली. शिध्याच्या तेलात पामतेलाऐवजी सोयाबीन तेल आणलं. 1992 मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल लिटरमागे 5.5 मिलिमोलवरून 4.7 वर आलं होतं. एवढा मोठा फरक पाच वर्षांत क्वचितच दिसतो. मात्र लठ्ठपणा वाढला आणि मधुमेह हटला नाही. पुढच्या पाहण्यांत तर पाचातल्या एका प्रौढाला तो निघाला. तेल सगळे एकाच ठिकाणाहून घेत, म्हणून एका निर्णयानं बदललं. साखर आणि मैदा शंभर वाटांनी घरात येतात.

2013 पासून तिथे गोड पेयांवर त्यातल्या साखरेच्या ग्रॅमनुसार कर आहे. ज्या देशाचं पोट दीडशे वर्षं साखरेवर भरलं, त्यानंच साखरेवर असा कर बसवला. मैद्यावरची सवलत काढायला मात्र कुठलंही सरकार धजेल असं मला वाटत नाही. दालपुरी महाग झाली तर तिथे निवडणूक हरायला दुसरं कारण लागणार नाही.