शीतलहरीचे निशाण

अमेरिकेच्या विस्तीर्ण मुलुखात वादळांची वर्दी अगोदर पोहोचावी, म्हणून १८७० साली तेथील सरकारने हवामानाच्या नोंदींचे काम लष्कराच्या सिग्नल खात्याकडे सोपविले; आणि पुढे, तारेने आलेल्या इशाऱ्यावरून, मध्यभागी काळा चौकोन असलेले पांढरे निशाण शीतलहरीची सूचना म्हणून ठिकठिकाणी फडकू लागले. परंतु १२ जानेवारी १८८८ रोजी, सकाळच्या सौम्य हवेला भुलून डाकोटा-नेब्रास्काच्या माळरानांवरील कित्येक मुले जाड कपड्यांवाचून शाळेत गेली असता, अकस्मात् उठलेल्या हिमवादळाने सुमारे २३५ जीव घेतले. जेथे तारच पोहोचली नव्हती, तेथील एकाकी शेतकऱ्याला ते निशाण दिसावे तरी कोठून, या विचाराने आजही मन व्याकुळ होते. १८९१ साली हवामानाच्या नोंदींचे हे काम लष्कराकडून काढून कृषिखात्याच्या स्वाधीन करण्यात आले.