गावाला माहीत होतं, कोर्टाला कळायला दहा वर्षं लागली

आजचा भाग जरा जड आहे, पण शेवटपर्यंत थांबा.

मी मूळचा बीड जिल्ह्यातला. जून २०१२ मध्ये मी शाळेत होतो आणि टीव्हीवर दिवसभर गेवराईचं नाव चालू होतं. गेवराईचा झबिउद्दीन अन्सारी उर्फ अबू जुंदाल पकडला गेला होता. मे २००६ मध्ये औरंगाबाद-मनमाड भागात आरडीएक्स आणि एके-४७ रायफलींचा मोठा साठा सापडला होता. त्या केसमध्ये २०१६ साली मुंबईच्या विशेष मोक्का कोर्टाने त्याला जन्मठेप दिली. म्हणजे आरोप झाला की तो खोटाच असतो, असं अजिबात नाही.

पण त्याच २००६ सालची दुसरी एक केस आहे. तपास त्याच एटीएसचा, कायदाही तोच मोक्का.

८ सप्टेंबर २००६. शुक्रवार, त्यात शब-ए-बारात. मालेगावात बडा कब्रस्तान आणि हमीदिया मशिदीच्या परिसरात बॉम्बस्फोट झाले. ३१ माणसं गेली, शेकडो जखमी झाली. एटीएसने नऊ मुस्लिम तरुणांना आरोपी केलं. त्यातले एक होते मौलाना झाहिद, यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीच्या मशिदीत नमाज पढवणारे इमाम. आरोप काय, तर बॉम्ब ठेवणाऱ्यांपैकी ते एक.

आता नकाशा उघडा. फुलसावंगी ते मालेगाव रस्त्याने साधारण ४०० किलोमीटर. गावातले लोक सांगत होते की त्या दिवशी इमाम आमच्यासमोर होते, नमाज त्यांनीच पढवली. इमामाचं कामच असं की शुक्रवारी तो नसला तर अख्ख्या जमातीला कळतं. आणखी एक आरोपी तर स्फोटाच्या वेळी दुसऱ्या प्रकरणात पोलिसांच्याच ताब्यात होता!

मग केस उभी कशावर होती? मोठा आधार होता कबुलीजबाबांचा. साध्या कायद्यात पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा धरत नाहीत. मोक्कात मात्र एसपी दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली चालते. आरोपींनी नंतर ते जबाब नाकारले. तोवर ते आत होतेच.

पुढे तपास सीबीआयकडे गेला. २०१० च्या शेवटी स्वामी असीमानंदच्या जबाबाने केसची दिशाच बदलली. २०११ मध्ये तपास एनआयएकडे आला आणि नोव्हेंबरमध्ये मौलानांसह सात जण जामिनावर सुटले. तोवर पाच वर्षं गेली होती. २०१३ मध्ये एनआयएने वेगळ्याच चौघांवर आरोपपत्र दाखल केलं. २५ एप्रिल २०१६ ला विशेष कोर्टाने आधीच्या आरोपींना दोषमुक्त केलं. त्यातला एक जण निकाल ऐकायला जिवंत नव्हता. आदल्याच वर्षी तो अपघातात गेला होता.

मी दिवसभर कोडमधले बग शोधतो. आमच्याकडे एक साधा नियम आहे: आपला अंदाज कितीही पटणारा असो, लॉग वेगळं सांगत असेल तर अंदाज सोडायचा. इथे फुलसावंगीची माणसं हाच लॉग होता. तो पहिल्याच दिवशी हाताशी होता. वाचायला दहा वर्षं लागली.

यात नुकसान एकट्या मौलानांचं झालं का? मालेगावात ज्यांच्या घरची माणसं गेली, त्यांचं काय? चुकीच्या माणसामागे तपासाची जी वर्षं गेली, ती त्यांच्या न्यायातूनच वजा झाली. म्हणूनच 'आधी पुरावा दाखवा' म्हणणारा आरोपीची बाजू घेत नसतो. तो मेलेल्यांची बाजू घेत असतो.

परत कधी फोनवर 'मौलाना अटकेत' असं नोटिफिकेशन आलं, तर फॉरवर्ड करायच्या आधी एवढंच विचारा: त्या दिवशी हा माणूस कुठे होता, आणि ते कुणी तपासलं का?